एजंटशिवाय फ्लॅट भाड्याने देताना: पुण्यातील घरमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पुण्यात फ्लॅट भाड्याने लावून देणारा एजंट साधारणपणे एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतो आणि बहुतेक वेळा तेवढीच रक्कम भाडेकरूकडूनही वसूल करतो. या मोबदल्यात तो तीन कामे करतो असे मानले जाते: भाडेकरू शोधणे, त्याची पारख करणे आणि करारनाम्याची नोंदणी करून देणे. पहिले काम तो चोख करतो. दुसऱ्याकडे त्याचे फारसे लक्ष नसते, कारण भाडेकरू त्रासदायक निघाला तर त्याची झळ एजंटला लागत नाही. तिसरे काम तो स्वतः न करता नोंदणीच्या सेवा पुरवठादाराकडे सोपवतो, आणि त्या सेवा पुरवठादाराला घरमालक स्वतःही बोलावू शकतो. एजंट टाळणाऱ्या मालकाला जास्तीचे कष्ट पडतात ते मुख्यतः फोन घेण्याचे आणि घर दाखवण्याचे. बाकी सारे यश एका शिस्तीवर अवलंबून आहे: पैसे, पारख, करारनामा, नोंदणी, पोलीस आणि सोसायटी हा क्रम पूर्ण झाल्याशिवाय चावी हातातून जाऊ द्यायची नाही.

पुढील माहिती पुणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. भाडेविषयक कायदा, मुद्रांक आणि नोंदणी यांचे नियम राज्यभर सारखेच असल्याने मुंबई, नाशिक किंवा कोल्हापूरच्या मालकांनाही त्यातील बहुतांश भाग लागू पडेल.

जाहिरात देण्याआधी

प्रथम मालकीचे कागद तपासावेत. फ्लॅट पती-पत्नी किंवा भावंडांच्या संयुक्त नावावर असेल तर करारनाम्यावर सर्व सहमालकांच्या सह्या घ्याव्यात. एखाद्याला हजर राहणे शक्य नसेल तर त्याने दिलेले कुलमुखत्यारपत्र हाताशी असावे. वडिलांच्या नावावरील घर त्यांच्या पश्चात मुलाने परस्पर भाड्याने देणे आपल्याकडे सर्रास चालते, परंतु वारसांची नावे लागण्यापूर्वी केलेला असा करार वाद उद्भवताच लंगडा पडतो. घरावर कर्ज चालू असल्यास कर्जाच्या करारात घर भाड्याने देण्यासंबंधी काही अट आहे का, हे एकदा वाचून पाहावे.

इंडेक्स टू (घराच्या नोंदणीकृत दस्ताचा उतारा), चालू वर्षाची मिळकत कराची पावती, महावितरणचे अलीकडचे बिल आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे बिल एका फाइलमध्ये लावून ठेवावे. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या मालकाला मिळकत करात ४० टक्क्यांची सवलत देते, आणि घर भाड्याने दिल्यावर ती लागू राहत नाही. भाडे ठरवतानाच हा वाढीव कर हिशेबात धरावा, म्हणजे पुढच्या बिलाच्या वेळी आश्चर्य वाटणार नाही.

त्यानंतर घराकडे वळावे. रंग नवा नसला तरी चालतो, पण गळती चालत नाही. स्वच्छतागृहातून खालच्या मजल्यावर झिरपणारे पाणी, सुटलेले फ्लश, वेळेवर न पडणारा एमसीबी (बिघाडात वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि जुना गिझर या चार गोष्टी घर रिकामे असतानाच दुरुस्त कराव्यात. भाडेकरू राहायला आल्यावर हीच कामे दुप्पट कटकटीची होतात, कारण प्लंबर, मालक आणि भाडेकरू या तिघांची सवड एका वेळी जुळावी लागते. मुख्य दरवाजाच्या लॅचचा सिलिंडर बदलून घ्यावा. पूर्वीच्या भाडेकरूने, मोलकरणीने किंवा सुताराने किल्लीची नक्कल करून घेतली असेल का, हा प्रश्नच मग उरत नाही. पेस्ट कंट्रोल आणि खिडक्यांच्या जाळ्या यांवर झालेला खर्च लवकर वसूल होतो, कारण घर पाहायला आलेले कुटुंब सर्वांत आधी स्वयंपाकघरातील ट्रॉली उघडून पाहते.

फर्निचर किती द्यावे याबाबत माझे मत ठाम आहे: पंखे, दिवे, गिझर, ट्रॉली आणि कपाटे एवढे द्यावे, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि सोफा देऊ नये. पूर्ण सजवलेल्या घराला भाडे जास्त मिळते हे खरे असले तरी प्रत्येक वस्तूची दुरुस्ती कोणी करायची हा वाद त्या जास्तीच्या भाड्यातला मोठा वाटा खाऊन टाकतो. हिंजवडी किंवा खराडीच्या आसपास एक-दोन वर्षांसाठी येणाऱ्या एकट्या नोकरदारांना घर द्यायचे असेल, तरच याला अपवाद करावा.

भाडे आणि अनामत

भाड्याचा आकडा मनाने ठरवू नये. आपल्याच सोसायटीत गेल्या सहा महिन्यांत कोणते फ्लॅट कितीला गेले याची माहिती वॉचमन, सोसायटीचे सचिव आणि जिन्यात भेटणारे शेजारी सांगू शकतात, आणि संकेतस्थळांवरील जाहिरातींपेक्षा ती अधिक विश्वासार्ह असते. जाहिरातीत मालकाने मागितलेली रक्कम दिसते, ठरलेली रक्कम दिसत नाही. आपल्या मोठ्या शहरांत घराच्या बाजारभावाच्या मानाने वर्षाचे भाडे साधारण २ ते ३ टक्के पडते. याहून फार मोठी अपेक्षा ठेवली तर घर रिकामे राहते, आणि २०,००० रुपये भाड्याचा फ्लॅट एक महिना रिकामा राहिला की दरमहा १,५०० रुपये जास्त मिळवण्याचा हट्ट वर्षभर पुरवूनही नुकसानच होते.

अनामत पुण्यात बहुधा दोन ते तीन महिन्यांच्या भाड्याएवढी घेतली जाते. समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरणाऱ्या ‘नवीन भाडे कायद्या’च्या संदेशांत दोन महिन्यांची मर्यादा सांगितलेली असते. ती केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातील आहे, आणि तो कायदा म्हणजे राज्यांनी स्वीकारावा यासाठी केलेला नमुना आहे. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून अंमलात असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हाच या व्यवहाराचा आधार आहे. तरीही तीन महिन्यांहून जास्त अनामत मागू नये असे मी सुचवीन. चांगल्या भाडेकरूसमोर बरेच पर्याय असतात आणि तो मोठ्या अनामतीपाशीच माघारी फिरतो.

भाड्यात सोसायटीचा मेंटेनन्स धरला आहे की तो वेगळा आहे, हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगावे. मेंटेनन्स मालकाने भरावा आणि भाड्यात तो मिळवून एकच रक्कम घ्यावी, ही पद्धत सोयीची आहे, कारण सोसायटीच्या दृष्टीने थकबाकीदार नेहमी सभासदच असतो.

जाहिरात, फोन आणि फसवणूक

नोब्रोकर, ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग यांसारख्या संकेतस्थळांवर मालकाला थेट जाहिरात देता येते. फेसबुकवर त्या त्या उपनगराचे समूह असतात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेला एक संदेश कित्येकदा या सर्वांहून लवकर फळ देतो. छायाचित्रे सकाळच्या उजेडात, खोलीच्या कोपऱ्यातून आणि मोबाइल आडवा धरून काढावीत. न्हाणीघर आणि बाल्कनीतून दिसणारे दृश्य वगळू नये. फ्लॅटचा क्रमांक मात्र जाहिरातीत देऊ नये.

मजकुरात मजला, लिफ्ट, पार्किंग, पाण्याची वेळ, पाइप गॅस आहे की सिलिंडर, भाडे, अनामत आणि घर कधीपासून मिळेल हे सर्व लिहावे. पाण्याविषयी खोटे बोलू नये. उन्हाळ्यात टँकर येत असतील तर ते आधीच सांगितलेले बरे. भाडेकरूला मे महिन्यात ते कळणारच आहे.

‘मालकाकडून थेट’ असे लिहिले तरी निम्म्याहून अधिक फोन एजंटांचेच येतील, आणि त्यांतील काही जण आपण स्वतःच भाडेकरू आहोत असे भासवतील. घर कोणासाठी हवे आहे, कामाचे ठिकाण कोणते आणि घर पाहायला कोण येणार, एवढे तीन प्रश्न विचारले की खरे-खोटे लगेच उमगते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे स्वतःला लष्करातील किंवा निमलष्करी दलातील अधिकारी म्हणवणाऱ्या भामट्याचा फोन. तो घर न पाहताच पसंत करतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो, आणि ‘आमच्या खात्याच्या पद्धतीनुसार’ अनामत जमा करण्यासाठी आधी मालकाने एक क्यूआर कोड स्कॅन करावा किंवा एक रुपया पाठवावा अशी गळ घालतो. पैसे स्वीकारण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असा प्रकार घडलाच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

घर दाखवताना शक्यतो सर्व इच्छुकांना शनिवार-रविवारच्या एकाच सकाळी थोड्या थोड्या अंतराने बोलवावे. त्यामुळे मालकाचा वेळ वाचतो आणि घराला मागणी आहे हे न बोलताच समजते.

भाडेकरूची पारख

बोलण्यातून आलेली छाप आणि कागदावरची माहिती या दोन्ही गोष्टी लागतात. आधार, पॅन, नोकरीचे ओळखपत्र आणि शेवटची वेतनचिठ्ठी किंवा नियुक्तिपत्र मागण्यात संकोच करू नये. व्यावसायिक असेल तर मागील वर्षाचे आयकर विवरणपत्र पाहावे. भाडे कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त होत असेल तर थोडा विचार करावा, कारण नोकरीत किंवा घरात पहिली अडचण आली की भाडेच थांबते.

पूर्वीच्या घरमालकाशी बोलणे सर्वांत उपयोगाचे. सध्याच्या मालकाचा अभिप्राय मात्र जपून घ्यावा. नकोसा झालेला भाडेकरू एकदाचा जावा म्हणून तोही स्तुती करू शकतो. त्याआधीच्या मालकाला असे काही कारण नसते, म्हणून त्याचा क्रमांक मागावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: भाडे कोणत्या तारखेला येत असे, आणि घर सोडताना अनामतीतून किती वजावट करावी लागली.

विद्यार्थी किंवा अविवाहित नोकरदार यांना घर देऊ नये असा दबाव काही सोसायट्या आणतात. भाडेकरू विवाहित असावा अशी अट घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, आणि माझ्या मते वेळेवर भाडे देणारे चार नोकरदार तरुण हे उत्पन्नाचा पत्ता नसलेल्या कुटुंबापेक्षा केव्हाही बरे. अशा वेळी घरात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारनाम्यात घालावे, भाडे सर्वांनी मिळून एकाच खात्यातून द्यावे असे ठरवावे, आणि मधल्या काळात एखादा बदलल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी लागेल ही अट आवर्जून लिहावी. विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांशी प्रत्यक्ष बोलावे.

पसंती पक्की झाली की टोकन म्हणून थोडी रक्कम बँक खात्यात घ्यावी आणि त्याच वेळी एक संदेश पाठवावा: भाडे किती, अनामत किती, घर कोणत्या तारखेपासून, आणि भाडेकरूने माघार घेतल्यास किंवा मालकाने शब्द फिरवल्यास टोकनचे काय होईल. भाडेकरूने त्यावर ‘मान्य’ असे उत्तर दिले की पुढच्या बऱ्याच गैरसमजांना जागा राहत नाही.

करारनामा: अकरा महिने आणि इतर समजुती

महाराष्ट्रात घर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिले जाते. भाडेपट्ट्यात भाडेकरूचा जागेत हितसंबंध निर्माण होतो. लायसन्समध्ये ठरावीक काळ राहण्याची केवळ परवानगी मिळते, ताबा कायद्याने मालकाकडेच राहतो. हा भेद ऐकायला पुस्तकी वाटला तरी घर परत मिळवण्याची वेळ येते तेव्हा सगळे त्यावर ठरते, कारण लायसन्सची मुदत संपल्यावर मालकाला १९९९ च्या अधिनियमातील कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, थेट अर्ज करता येतो आणि दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट टळते.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणीची गरज नाही, शंभर रुपयांच्या स्टँपवर नोटरी केली की झाले, अशी समजूत अजूनही घट्ट आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याला नोंदणी सक्तीची असल्याने देशभर अकरा महिन्यांचा रिवाज पडला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने हा मार्ग बंद केला आहे. करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेपेक्षाही मालकाला जास्त महाग पडणारा भाग वेगळाच आहे: लेखी नोंदणीकृत करार नसेल तर वादाच्या वेळी अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. थोडक्यात, नोटरी केलेला कागद मालकाला वाचवत नाही.

नोंदणी कशीही करायचीच असल्याने अकरा महिन्यांत अडकून राहण्याचे कारण उरत नाही. भाडेकरू चांगला वाटत असेल तर २२, २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करून दर वर्षाची वाढ त्यातच लिहावी. दर वर्षी ५ टक्के वाढ पुण्यात दोन्ही बाजूंना सहसा मान्य होते. नोंदणीचा खर्च आणि धावपळही त्यामुळे एकदाच होते.

करारनाम्यातील पुढील अटी काळजीपूर्वक लिहाव्यात. भाडे दर महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात जमा करायचे. वीज आणि गॅसचे बिल कोणी भरायचे. घराचा वापर केवळ निवासासाठी असेल आणि पोटभाडेकरू ठेवता येणार नाही. किमान किती महिने कोणीही करार मोडायचा नाही आणि त्यानंतर किती दिवसांची सूचना द्यायची. दुरुस्तीची विभागणी आकड्यात करावी: नळाचा वॉशर, ट्यूबलाइट किंवा तुंबलेले सिंक यांसारखी एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची किरकोळ कामे भाडेकरूची, भिंतीतील पाइप, गळती आणि वीजवाहिन्या यांसारखी मोठी कामे मालकाची. ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेच लिहून सोडले तर गिझरची कॉइल किरकोळ आहे की मोठी यावर अर्धा तास भांडण होते. मालकाला घर पाहण्यासाठी येता येईल, पण एक दिवस आधी कळवून, ही अटही लिहावी. ती भाडेकरूलाही निश्चिंत करते.

अनामत केव्हा परत मिळेल, त्यातून काय वजा होईल आणि रंगकामाचे काय, हे स्पष्ट असावे. दोन वर्षे राहिल्यावर भिंती मळणारच. सामान्य वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारणे न्याय्य नाही, आणि घर सोडताना सरसकट एका महिन्याचे भाडे रंगासाठी कापून घेण्याचा रिवाज मला पटत नाही. तरीही तो पाळायचाच असेल तर करारात आधी लिहिलेला असावा. मुदत संपूनही घर न सोडल्यास कलम २४ नुसार भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, तिचाही उल्लेख करारात ठेवावा.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी

मुद्रांक शुल्काचा हिशेब साधा आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या निवासी करारावर एकूण भाडे, परत न करायची अनामत असल्यास ती रक्कम, आणि परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज या सर्वांच्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. समजा, भाडे २०,००० रुपये, मुदत अकरा महिने आणि परतावा अनामत ६०,००० रुपये आहे. एकूण भाडे २,२०,००० रुपये झाले. अनामतीवरील अकरा महिन्यांचे व्याज ५,५०० रुपये धरले. दोन्हींची बेरीज २,२५,५०० रुपये आणि तिच्यावरील शुल्क सुमारे ५६४ रुपये. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे, त्याखेरीज दस्त हाताळणीचे शुल्क लागते. हा खर्च मालक आणि भाडेकरू यांनी निम्मा-निम्मा वाटून घेण्याचा रिवाज आहे. एवढ्या थोड्या पैशांत मिळणारे संरक्षण लोक का नाकारतात, हे मला कधी समजलेले नाही.

नोंदणी घरबसल्या करता येते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन पोर्टलवर मालमत्तेचा तपशील, दोन्ही पक्षांची माहिती, भाडे, अनामत आणि अटी भरल्या की करारनाम्याचा मसुदा तयार होतो. शुल्क ग्रास या सरकारी भरणा प्रणालीतून ऑनलाइन भरले जाते. त्यानंतर मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांची आधारद्वारे बोटांच्या ठशांनी ओळख पटवली जाते आणि वेबकॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली जातात. मग दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. तपासणीत त्रुटी न निघाल्यास नोंदणी होऊन करार आणि इंडेक्स टू उपलब्ध होतात. नावे आधारवर आहेत तशीच भरावीत. आडनावातील एका अक्षराचा फरकही काम अडवतो.

ठसे घेण्याचे यंत्र घरी नसतेच, म्हणून अधिकृत सेवा पुरवठादाराला बोलवावे. तो यंत्र घेऊन घरी येतो, थोडे शुल्क घेतो, आणि मालक व भाडेकरू वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर दोघांकडे स्वतंत्रपणे जातो. हा खर्च करण्यासारखा आहे. त्याने तयार केलेला मसुदा मात्र शब्दन्‌शब्द वाचूनच ठसा द्यावा, कारण त्याच्याकडे एकच साचा असतो आणि मालकाने सांगितलेल्या विशेष अटी त्यात राहून जातात. वयोवृद्ध मालकांच्या बोटांचे ठसे कित्येकदा जुळत नाहीत. तसे झाल्यास दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करण्याचा मार्ग खुला असतोच.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे टाळू नये. पोलीस आयुक्त वेळोवेळी तसे आदेश काढतात आणि त्यांचे पालन न करणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ही माहिती ऑनलाइन भरता येते. छायाचित्र, ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि कामाच्या ठिकाणाचा तपशील जवळ ठेवावा आणि मिळालेली पोच जपून ठेवावी. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याच्या आगमनाची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते, ही जबाबदारी मालकाचीच.

सोसायटीबद्दल बराच गैरसमज आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी किंवा ना-हरकत पत्र लागत नाही. पूर्वसूचना देऊन नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांकडील पोचेची प्रत द्यायची असते. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्यावर राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने मर्यादा घातली आहे: महापालिकेचे कर वगळून जे सेवा शुल्क असते त्याच्या १० टक्क्यांहून जास्त ते घेता येत नाही. सेवा शुल्क दरमहा २,००० रुपये असेल तर बिनभोगवटा शुल्क २०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. आई-वडील, मुले, भावंडे यांसारखे जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लागतच नाही. सामान आणण्या-नेण्यासाठी लिफ्टचे शुल्क, ‘भाडेकरू देणगी’ असे काही मागितले गेले तर ते कोणत्या ठरावाने आणि कोणत्या उपविधीनुसार घेतले जात आहे, अशी लेखी विचारणा करावी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच मागणी थांबते.

चावी देण्याचा दिवस

या दिवसापर्यंत संपूर्ण अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे बँकेत जमा झालेले असावे. भाडेकरूसोबत प्रत्येक खोलीतून फिरावे आणि मोबाइलवर एक सलग चित्रफीत काढावी, तिच्यात भिंती, फरशी, बेसिन, कपाटांची दारे आणि वीजमीटरचा आकडा दिसला पाहिजे. वस्तूंची यादी दोन प्रतींत करून दोघांनी सही करावी: पंखे किती, गिझर कोणत्या कंपनीचा, चाव्या किती. चित्रफीत त्याच दिवशी भाडेकरूला पाठवून ठेवावी, म्हणजे तिच्या तारखेबद्दल पुढे शंका राहत नाही.

वीजजोडणी मालकाच्या नावावरच राहू द्यावी आणि महावितरणच्या अॅपवर मालकाने स्वतःचा क्रमांक नोंदवावा. बिल भरले गेले की नाही हे भाडेकरूला न विचारता दर महिन्याला दिसते.

आयकर थोडक्यात

मिळालेले भाडे ‘घर मिळकतीपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली दाखवायचे असते. वर्षाच्या भाड्यातून मालकाने भरलेला मिळकत कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. तिच्यासाठी कोणतीही बिले दाखवावी लागत नाहीत. वार्षिक भाडे २,४०,००० रुपये आणि मिळकत कर १०,००० रुपये असेल तर २,३०,००० रुपयांतून ६९,००० रुपये वजा होऊन १,६१,००० रुपये करपात्र उरतात. गृहकर्ज असल्यास त्याच्या व्याजाचीही वजावट मिळते. भाडेकरू नोकरदार असेल आणि वार्षिक भाडे एक लाखाहून जास्त असेल तर घरभाडे भत्त्यासाठी तो मालकाचा पॅन मागेल. तो देणे क्रमप्राप्त आहे, आणि भाडे रोखीत घेऊन लपवण्याचा विचार तेथेच सोडून द्यावा. दरमहा भाडे ५०,००० रुपयांहून जास्त असल्यास भाडेकरूने २ टक्के कर कापून भरायचा असतो.

अमेरिकेत, आखातात किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांचे फ्लॅट पुण्यात आहेत. त्यांच्यासाठी नियम बदलतात. मालक अनिवासी असेल तर भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूने ३० टक्के दराने आणि वर उपकरासह कर कापायचा असतो, आणि भाडे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) जमा व्हावे लागते. भाडेकरूला हे आधी सांगितले नाही तर तो पूर्ण रक्कम देत राहतो आणि नोटीस मात्र त्याला येते. परदेशातून पाठवलेले कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर केलेले असावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

मुदत संपताना

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी भाडेकरूला लेखी विचारावे. त्याला राहायचे असेल तर नवा करार करून तो पुन्हा नोंदवावा. जुना करार संपल्यानंतर ‘बघू पुढे’ म्हणत भाडे घेत राहणे हा मालकाच्या हातून होणारा सर्वांत महागडा आळस आहे, कारण मुदतीबाहेर राहणाऱ्याकडून भाडे स्वीकारल्यावर कोणत्या अटींवर तो राहत होता हे सिद्ध करणे अवघड होऊन बसते.

भाडेकरू निघायला तयारच नसेल तर कुलूप बदलणे, वीज किंवा पाणी तोडणे, सामान बाहेर काढणे यांतले काहीही करू नये. त्यामुळे मालकच फौजदारी तक्रारीत अडकतो. वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि त्यानंतर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तेथे नोंदणीकृत करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. भाडेकरूला बचावासाठी आधी परवानगी मागावी लागते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने ती मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य झाल्याचे धरले जाते.

बहुतेक भाडेकरू मात्र ठरल्या दिवशी घर सोडतात. त्या दिवशी जुनी चित्रफीत समोर ठेवून खोल्या पाहाव्यात, मीटरचा आकडा लिहून त्या दिवसापर्यंतचे बिल काढावे, गॅसची थकबाकी तपासावी, आणि काही वजावट असेल तर कारणासह कागदावर मांडावी. अनामत त्याच दिवशी, चावी हातात पडल्यावर लगेच, मूळ खात्यात परत करावी. भाडेकरूकडून ‘घराचा ताबा परत दिला, अनामत पूर्ण मिळाली, कोणतेही येणे नाही’ असे तारखेसह लिहून घ्यावे आणि त्याची प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्यावी.